बोरूच्या वरची ओल

१

भिंत पडली तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. मातीची भिंत गडगडत नाही, ती बसकण मारते. बुखाऱ्यातल्या त्या अरुंद गल्लीत, समोरच्या अंगणात चादरी वाळत घालणाऱ्या मुनव्वराला आधी धुळीचा लोट दिसला. मग छपरावरची कबुतरं उडाली आणि त्यानंतर सावरीची किंकाळी आली.

“मारलं! मेल्यानं मारलं माझ्या सुनेला!”

मुनव्वरा पोचली तोवर चार-पाच पुरुष उघड्या हातांनी माती उपसत होते. सावरीच्या घराची शेवटची खोली, तिच्या मुलाची, मारूफची, आता खोली राहिली नव्हती. सावरी आणि शेजारचा हमरो यांच्यामधली सामाईक भिंत सावरीच्या बाजूला, खोलीच्या आत पडली होती आणि तिच्यावर टेकलेल्या पॉप्लरच्या तुळया तिच्या मागोमाग खाली आल्या होत्या. एका तुळईखालून रुखसोराचा, सावरीच्या सुनेचा, हात बाहेर आलेला होता. बोटं हलली.

“जिवंत आहे! धरा, तुळई धरा!”

जिथं भिंत होती तिथून आता थेट हमरोचं नवं बांधकाम दिसत होतं. खणलेला चर, विटांची रास, वर आलेल्या सळ्यांची टोकं. चराच्या पलीकडे खुद्द हमरो उभा होता. एरवी लालबुंद असणारा हा धिप्पाड माणूस आता मातीच्या रंगाचा झाला होता.

सावरीनं ढेकूळ उचलून त्याला मारलं. ते त्याच्या छातीवर फुटलं.

“खोल्या वाढवायच्या होत्या ना तुला? वाढव! माझ्या मुलाचीपण घे!”

“तुमची भिंत कुजकी, खाला, त्याला मी काय करू?” हमरो म्हणाला. निदान अशा वेळी तरी गप्प बसावं, एवढंही त्याला कधी कळत नसे.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या सगळ्या पुरुषांनी मिळून मलबा उपसला आणि सावरीच्या अंगणात त्याचा ढीग केला. संध्याकाळी जुराबोबो मुनव्वराच्या दारात आले. मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे वडीलधारे पंच, तेच. भांडणं त्यांच्यापुढे जात आणि बहुधा तिथंच संपत. हे भांडण संपणारं नव्हतं.

“परवा पोलीस कॅप्टन येतोय,” ते म्हणाले. “पोरीचं काही बरंवाईट झालं तर हमरो आत जाईल. कितीतरी वर्षं. लोकांनी तर त्याला आत्ताच आत घातलंय. तू मातीच्या प्रयोगशाळेत जन्म काढलास. भिंत का पडली ते मला सांग.”

“बोबो, हे बांधकाम थांबवा म्हणून सावरीनं केलेल्या अर्जावर माझी सही आहे. हमरोचा वरचा मजला झाला तर माझ्या अंगणातसुद्धा त्याच्या खिडक्या डोकावणार. मी त्रयस्थ नाही.”

“म्हणून तर आलो. तू त्याच्या बाजूनं बोललीस तर लोक विश्वास ठेवतील.”

“आणि विरुद्ध बोलले तर?”

“तर त्याला कुणी वाचवू नये.”

ते गेल्यावर मुनव्वरा बराच वेळ थंड झालेल्या चहाच्या पेल्याकडे बघत राहिली. हमरोच दोषी निघावा असं तिला मनापासून वाटत होतं. उत्तर आधीच ठरवून मोजायला बसणाऱ्या माणसांना तिनं प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. आता तिला स्वतःलाच कुणी बाहेर काढणार नव्हतं.

२

“या, मुनव्वरा ओपा, या,” थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ओपा म्हणत हमरोनं दार अर्धंच उघडलं. “अर्जावर सही करून झाली, आता काय, कबर मोजायला आलात?”

“चर बघायला आले.”

“बघा. बघायला पैसे पडत नाहीत. सगळं गाव बघून गेलं, कुत्रीसुद्धा.”

चर भिंतीच्या पायापासून वीतभरही दूर नव्हता. हद्दीपासून मीटरभर जागा सोडावी, हे हमरोला ठाऊक नव्हतं असं नाही.

“मीटर कुठंय?” तिनं विचारलं.

“मीटर सोडला तर पोराच्या खोलीत पलंग मावत नाही. शरदात लग्न आहे त्याचं. नवरानवरीनं काय उभ्यानं झोपायचं?” तो भिंतीकडे हात करून म्हणाला, “या बाईला माझं काहीच खपत नाही. सावली पडते म्हणे तिच्या द्राक्षवेलीवर! माझा बाप जिवंत होता तेव्हापासून बघतोय. कोंबडं आरवलं तरी हिची तक्रार.”

मुनव्वरा चराच्या काठाशी बसली. तळाशी गढूळ पाणी साठलेलं होतं. चराच्या कडांवर, पाण्याच्या वर, पांढरी बुरशी धरल्यासारखा थर होता. बुरशी नव्हे, ते मीठ. या शहराच्या पोटातलं पाणी खारं आहे आणि ते संधी मिळेल तिथून वर चढतं.

“पंप लावून रोज उपसतो,” हमरो म्हणाला. “परत येतंच. शेजारणीसारखं.”

ती विटांकडे वळली. चर संपतो तिथं, भिंतीलगत रचलेली विटांची रास पुरुषभर उंच होती. या राशीनंच रेटून भिंत पलीकडे पाडली, असं सगळ्या चहाखान्याचं मत होतं. ते तिलाही पटण्यासारखं वाटलं होतं. पण रास ओळंब्यासारखी सरळ उभी होती. रास आणि भिंतीची जागा यांच्यामध्ये तळहात मावेल एवढी फट होती आणि फटीत गेल्या वर्षीची तुतीची पानं पडलेली होती, न चिरडलेली. राशीनं रेटलं असतं, तर रास भिंतीच्या मागोमाग गेली असती.

“काय, सापडलं का काही माझ्या गळ्यात बांधायला?”

“चर तर आहेच तुझ्या गळ्यात, हमरो. हद्दीला लागून खणलास.”

“मग द्या ना मला फाशी!”

ती उठली आणि झग्यावरची माती झटकली. जिथली माती काढावी, भिंत तिकडे झुकते. लहान मूलही हे वाळूत खेळताना शिकतं. हमरोनं आपल्या बाजूची माती काढली होती. भिंत त्याच्या चरात पडायला हवी होती.

ती उलटी पडली होती.

३

सावरीच्या अंगणातल्या लाकडी ओट्यावर कासिम मांडी ठोकून बसलेला होता. सावरीच्या मेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. बाजारात गाजरं विकायचा आणि आपली पोती मारूफच्या रिकाम्या खोलीत ठेवायचा. त्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडे असे.

“मी केव्हाचा सांगतोय यांगाला,” तो मुनव्वराला म्हणाला. भावाच्या बायकोला तो इतरांसारखाच यांगा म्हणे, पण त्याच्या तोंडी तो शब्दही भावताव केल्यासारखा वाटे. “घर विका. पाहुणेघरं काढणारे रांग लावून उभे आहेत. आता अर्ध्या घराला अर्धीच किंमत येणार.”

“तुझी गाजरं उचल आणि तोंड काळं कर,” स्वयंपाकघरातून सावरी ओरडली.

“गाजरं तर मागच्याच आठवड्यात हलवली, यांगा. भिंतीकडच्या पोत्यांची बुडं भिजली होती. निम्मा माल सडला. तो भरून कोण देणार?”

“भिंतीकडची म्हणजे कुठली?” मुनव्वरानं विचारलं.

“मोठ्या पेटीजवळची. गाद्या ठेवतात त्या पेटीच्या शेजारची.”

“ऐकलंस?” सावरी चहा घेऊन आली. येताना तिनं कोपरानं स्वयंपाकघराचं दार मागं ओढून घेतलं. “त्याच्या चराचं पाणी. माझ्या भिंतीत मुरलं. तू मोजतेस काय मग? डोळे आहेत ना तुला?”

“मोजल्याशिवाय मला दिसत नाही. माहीत आहे तुला.”

एरवी या वाक्यावर सावरी हसली असती. कितीतरी वर्षांचा हा विनोद होता. आज तिनं नुसता चहा ओतला, तोही बशीत सांडला.

“अर्ज घेऊन कचेरीत गेले होते मी मागं,” ती म्हणाली. “तो टाय लावलेला पोऱ्या म्हणतो, खाला, अजून काही पडलंय का? नाही ना? पडलं की या, मग बांधकाम थांबवू. आता पडलं! जाते आता. नेते त्याला धरून इथं.”

“रुखसोरा त्या वेळी खोलीत कशी?”

“तेच तर!” सावरीचा आवाज चिरकला. “तिला मी जुराबोबोंच्या सुनेकडे पाठवलं होतं, तंदुरावर नान लावायला. दुपारपर्यंत येणारच नव्हती. का परत आली, त्या खोलीत का शिरली, खुदाला ठाऊक. आता मारूफला मी कोणतं तोंड दाखवू?”

मारूफ रशियात इमारतींवर काम करत होता. तो गेला ती सकाळ मुनव्वराला आठवत होती. दारात उभं राहून त्यानं नानचा एक घास घेतला होता. उरलेला नान, कुणाचाही मुलगा परगावी निघाला की टांगतात तसा, सावरीनं त्याच्या खोलीत भिंतीवर टांगला होता. परत येऊन त्यानंच तो संपवायचा. तोवर नान आहे, तर माणूस आहे. तो गेल्यापासून सासूच्या खोलीत झोपणारी रुखसोरा रोज सकाळी उठली की आधी त्या खोलीत जाऊन नानकडे बघून येते, असं सावरीच कौतुकानं सांगायची. “माझ्या सुनेचा नमाज आधी तिकडे होतो,” म्हणायची.

“येईल मारूफ,” मुनव्वरा म्हणाली.

“आला तर त्या हमरोचा मुडदा पाडेल,” सावरी म्हणाली. “पाडलाच पाहिजे.”

संध्याकाळपर्यंत कुणीतरी हमरोच्या दाराला डांबर फासलं होतं आणि त्याच्या निम्म्या विटा गल्लीत फोडून टाकल्या होत्या. हमरोचा मुलगा कुदळ घेऊन बाहेर आला. पलीकडून तिघं फावडी घेऊन पुढं सरले. जुराबोबो मध्ये उभे राहिले म्हणून रक्त सांडलं नाही. उद्याचं मात्र कुणी सांगू शकत नव्हतं.

४

सकाळी मुनव्वरा भिंतीच्या उरलेल्या खुंटापाशी गेली. भिंत गेली होती, पाया होता. जुन्या घरांचा असतो तसा, खाली भाजक्या विटा, विटांवर बोरूच्या काड्यांचा आडवा थर आणि त्यावर मातीची भिंत. भूकंप झाला तर बोरू थोडा सरकतो आणि घर वाचतं. भूकंप नसेल तेव्हा त्याचं दुसरं काम असतं. खालचं खारं पाणी विटांतून वर चढतं आणि बोरूपाशी थांबतं. त्याच्या वर त्याला वाट नसते.

बोरूच्या खाली विटा पांढऱ्याफटक होत्या. तिनं नखानं थोडं खरवडून जिभेवर ठेवलं. खारट, कडवट.

बोरूच्या वर हातभर उंचीचा मातीचा बुंधा शिल्लक होता. त्याची हमरोकडची बाजू कोरडी होती, गिलावाही शाबूत. सावरीकडची बाजू मात्र दोन दिवस ऊन खाऊनही गार लागत होती. तिनं बोट दाबलं, तर लोण्यात शिरावं तसं शिरलं. आणि तिथं एकही पांढरा कण नव्हता. तिनं तीही माती जिभेवर ठेवली. नुसती माती. गोडं पाणी.

ती टाचांवर बसून राहिली. चराचं पाणी असतं तर खारं असतं, आणि ते बोरूखालीच अडलं असतं. हमरोनं आपल्या बाजूनं नळी धरली असती, तर त्याच्याकडची बाजू आधी विरघळली असती. हे पाणी नळाचं होतं. ते बोरूच्या वर, खोलीच्या आतून, भिंतीच्या बुडाशी ओतलेलं होतं. एकदा नव्हे, बरेच दिवस, मोठ्या पेटीच्या मागं, कुणाला दिसणार नाही असं. म्हणून गाजरं सडली. म्हणून भिंतीचा आतला पाय वितळला आणि ती आत पडली.

हमरो अपराधी नव्हता. हे कळल्यावर तिला जराही बरं वाटलं नाही.

त्या खोलीत जाणारी माणसं तीन. कासिम, ज्याला घर विकायला हवं होतं. रुखसोरा, जी इस्पितळात पडली होती. आणि जिच्या हातचा चहा मुनव्वरा कितीतरी वर्षं पीत आली होती, ती.

“काय चाखतेस गं मातीत?” मागून आवाज आला. सावरी दारात उभी होती. हातात रिकामी बादली.

५

“मीठ बघत होते,” मुनव्वरा म्हणाली, आणि इस्पितळात गेली.

रुखसोराचा पाय वाचणार की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. पण ताप उतरला होता. उशाशी तिची आई बसलेली होती, ओठ घट्ट मिटून.

“आता आली का मोहल्ल्याला जाग?” ती म्हणाली. “त्यांची भिंत, त्यांचं भांडण, आणि खाली माझी पोर.”

“काही बोलली का?”

“बोलते ना. ग्लानीत एकच विचारते. नान कुठंय, नान कुठंय. नर्सनं गरम नान आणून दिला, तर ढकलला आणि तोंड फिरवून रडायला लागली. भूक आहे, खात मात्र नाही.”

मुनव्वरा वाकली. “रुखसोरा. मी समोरची ओपा. कुठला नान, बाळ?”

पोरीचे डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. तिनं उजवा हात कसाबसा उचलला, हवेत, डोक्यापेक्षा उंच, काहीतरी चाचपल्यासारखा. मग तो हात गळून पडला.

परत येताना मुनव्वरा भरभर चालत होती. सावरीच्या अंगणातल्या मलब्याच्या ढिगापाशी बसून तिनं गिलाव्याचे मोठे तुकडे एकेक करून उलटे करायला सुरुवात केली. सावरी घरात नव्हती. सूर्य माथ्यावर आला तेव्हा तिला हवं ते सापडलं. ताटावर झाकायच्या सरपोसाएवढा गिलाव्याचा तुकडा. हिवाळाभराच्या शेगडीच्या धुरानं तो तपकिरी झालेला होता आणि मधोमध एक स्वच्छ, पांढरा गोल होता. गोलाच्या वरच्या कडेला खिळा. सरळ, न वाकलेला, रिकामा.

जुराबोबो तंदुरापाशी राख काढत होते.

“बोबो, मलबा उपसताना कुणाला नान सापडला?”

“मातीत नान?” ते ताठ उभे राहिले. “काय बोलतेस? एवढी माणसं होती. कुणाच्या पायाखाली तुकडा जरी आला असता, तरी त्यानं तो उचलून ओठाला लावून उंचावर ठेवला असता. चार जणांना सांगितलं असतं. नाही सापडला.”

“तुकडासुद्धा?”

“कणसुद्धा नाही.”

“मग सगळ्यांना बोलवा,” मुनव्वरा म्हणाली. “सावरीच्याच अंगणात. कॅप्टन यायच्या आत.”

६

हमरो ओट्यावर बसायला तयार नव्हता. तो आपल्या हद्दीत, चराच्या पलीकडेच उभा राहिला. भिंतच नसल्यामुळे ते एकाच अंगणात असल्यासारखं दिसत होतं.

“बोला, ओपा,” तो म्हणाला. “काय शिक्षा ठरली माझी?”

“तू मीटर सोडला नाहीस, त्याची जी असेल ती. भिंत तू पाडली नाहीस.”

गल्लीच्या दारात जमलेल्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “किती दिले हमरोनं?” मुनव्वरानं तिकडे पाहिलं नाही. तिनं बोरूबद्दल सांगितलं, खालचं मीठ आणि वरची ओल दाखवली, विटांच्या राशीचा उरलेला, न हललेला भाग दाखवला. ती हळू बोलत होती, एखाद्या नव्या सहायकाला नमुना कसा घ्यायचा ते शिकवावं तशी.

“म्हणजे आतून कुणीतरी पाणी ओतलं,” जुराबोबो म्हणाले.

सगळ्यांचे डोळे कासिमकडे वळले.

“माझ्याकडे काय बघता?” कासिम उसळला. “माझाच माल सडला! आणि किल्ली काय माझ्या एकट्याकडे आहे?”

“कासिमला घर विकायला हवं होतं हे खरं,” मुनव्वरा म्हणाली. “मलाही आधी तोच वाटला. पण पाणी त्यानं ओतलं असतं, तर पोती भिजायच्या आधी हलवली असती, भिजल्यावर नाही. आणि त्यानं हे केलं नसतं.” तिनं गिलाव्याचा तुकडा वर धरला. “इथं मारूफचा नान टांगलेला होता. भिंत पडण्यापूर्वी तो कुणीतरी काढून घेतला. तो भिंतीबरोबर पडला असता, तर मलब्यात सापडला असता. कासिमला पेट्या, गाद्या, भिंत कशाचंच काही वाटलं नसतं. त्याला नान आठवलाही नसता.”

“मला काय दगड समजता?” कासिम पुटपुटला, पण हळूच.

“रुखसोरानंही काढला नाही. ती तो शोधत होती. आजही शोधते आहे. नर्सला वाटतं तिला भूक लागली आहे.” मुनव्वरा थांबली. पुढचं वाक्य तिनं रस्ताभर तयार केलं होतं, आता ते जड झालं होतं. “भिंत पडणार हे ज्याला ठाऊक होतं, आणि खोलीतलं दुसरं काहीही गेलं तरी चालेल पण तो नान जमिनीवर पडता कामा नये असं ज्याला वाटलं, असं एकच माणूस आहे.”

सावरी उठली. तिनं कुणाकडेही पाहिलं नाही. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. आत, चुलीच्या वरच्या खुंटीला, फुलाफुलांच्या रुमालात बांधलेला एक गोल टांगलेला होता.

“पडू द्यायचा होता?” ती म्हणाली. “माझ्या मारूफचा नान मातीत पडू द्यायचा होता मी?”

“म्हणजे तू—” हमरो चराच्या काठापर्यंत पुढं आला. “म्हातारे, मला तुरुंगात घालत होतीस तू!”

“हो, घालत होते!” सावरी त्याच्या अंगावर ओरडली. “माझ्या अंगणात तुझ्या खिडक्या, माझ्या वेलीवर तुझी सावली! कुणी ऐकलं माझं? पडलं की या म्हणाले. म्हणून पाडलं! रिकाम्या खोलीत पडली असती, कुणाचं काय गेलं असतं? त्या सकाळी भिंत झुकलेली दिसली, म्हणूनच तिला मी पाठवलं होतं. दुपारपर्यंत यायची नव्हती ती. खोलीत का गेली, कुणी सांगा मला, का गेली?”

मुनव्वराला वाटलं, सावरीनं हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

“ती पीठ घ्यायला परत आली असेल,” ती म्हणाली. “येताजाता नानकडे बघायची सवय. खिळा रिकामा दिसला. नान पडला म्हणून ती आत शिरली, सावरी. पेटीमागं, गाद्यांखाली शोधत होती. भिंत पडली तेव्हा ती नान शोधत होती.”

सावरी हळूहळू खाली बसली. जशी ती भिंत बसली असेल, तशी.

७

कॅप्टनला सावरीनं सगळं स्वतःच सांगितलं. कॅप्टनबरोबर निघताना तिनं रुमालात बांधलेला नान मुनव्वराच्या हातात ठेवला.

“तिला दाखव,” ती म्हणाली. “पडला नाही म्हणावं. एवढं सांग. जपून ठेवला होता म्हणावं.”

हमरोनं मुनव्वराचे आभार मानले नाहीत. “सही मागं घेताय का अर्जावरची?” त्यानं गल्लीत गाठून विचारलं. ती नाही म्हणाली. “मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि थुंकून गेला. कचेरीतला टायवाला मात्र या वेळी आला आणि टेप धरून मीटर मोजून गेला. हमरोनं शिव्या देत पाया मागं घेतला. मुलाच्या पलंगाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

इस्पितळात रुखसोरानं रुमाल सोडला. नान दगडासारखा वाळला होता आणि एका कडेला मारूफच्या दातांची अर्धी कोर तशीच होती. तिनं त्या कडेवरून बोट फिरवलं.

“पडला नाही,” मुनव्वरा म्हणाली. “तिनं जपून ठेवला होता.”

“आधी काढला?”

“हो.”

“भिंत पडायच्या आधी?”

मुनव्वरानं मान डोलावली. रुखसोरानं नानच्या कडेवर रुमाल ओढला. मग तिनं नान परत बांधला, गाठ नीट मारली आणि आईच्या मांडीवर ठेवला.

“आपल्या घरी टांग, आई. मारूफला कळव. परत आला की तिथं येऊन खा म्हणावं.”

खटला उभा राहीपर्यंत सावरीला घरी राहू दिलं होतं. मुनव्वरा गेली तेव्हा ती मोडक्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली होती. पलीकडे, मीटरभर मागं, हमरोचे गवंडी विटा रचत होते. सावरी त्यांच्याकडे बघत नव्हती. तिनं गिलाव्याचा तो तुकडा उरलेल्या भिंतीला टेकवून ठेवला होता, खिळा वर.

“बोलली का ती?” तिनं विचारलं.

“बोलली.”

“नान कुठंय?”

“भिंतीवर,” मुनव्वरा म्हणाली.

सावरीच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. “कुठल्या भिंतीवर?”

मुनव्वरानं ते सांगितलं. तिला खोटं बोलता येत नसे. सावरीनं तिला चहाचं विचारलं नाही. पलीकडे गवंड्यानं ओळंबा सोडला, तो हलला आणि स्थिर झाला.